आवाजावर चालणारं घर: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

परभणी, जालना, लातूर, नांदेड भागातल्या घरांत स्मार्ट स्पीकर, प्लग आणि स्विच बसवताना लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. बरेचसे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, काही आम्ही शिडीवर असताना खालून येतात. उत्तरं आपल्याकडच्या विजेच्या आणि पाण्याच्या हिशेबाने दिली आहेत. यूट्यूबवरच्या व्हिडिओंत लाईट जाणं आणि मोटार हे विषय सहसा येतच नाहीत, आणि आपलं घोडं नेमकं तिथेच अडतं.

१. स्पीकर घेतला की घरातले लाईट-पंखे बोलण्यावर चालू होतात का?

नुसत्या स्पीकरवर नाही. स्पीकरचं काम ऐकण्याचं. "अलेक्सा" किंवा "ओके गूगल" म्हटलं की तो जागा होतो, पुढचं वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथे अर्थ लागतो आणि हुकूम घरातल्या वस्तूकडे परत येतो. ती वस्तू हुकूम घेणारी असायला हवी: स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग, किंवा स्विचबोर्डाच्या मागे बसणारं मॉड्यूल. तुमचा जुना पंखा आणि जुनी ट्यूब बदलावी लागत नाही.

जोडणी दोन टप्प्यांत होते. आधी बल्ब किंवा प्लग त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये घरच्या वाय-फायला जोडायचा. मग त्या अ‍ॅपचं खातं अलेक्सा किंवा गूगल होमच्या अ‍ॅपला जोडायचं. पहिल्याच टप्प्यावर अडलेले लोक सर्वांत जास्त फोन करतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. हे प्लग-बल्ब २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात आणि फोन ५ गिगाहर्ट्झला जोडलेला असतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा, मग जोडा.

२. आमच्या घरी सगळे मराठीच बोलतात. त्याला कळेल का?

फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येते. अलेक्साचे आणि गूगलचे स्पीकर मात्र भारतात इंग्रजी आणि हिंदीवर चालतात. त्यामुळे स्पीकर हिंदीवर ठेवायचा आणि हुकूम असे निवडायचे की दोन्हीकडे सारखेच बसतील. "पंखा चालू", "मोटर बंद", "लाईट बंद" यात मराठी माणसाला काही वेगळं शिकावं लागत नाही.

खोल्यांची नावं ठेवताना जरा विचार करा. "माळवद", "ओसरी", "चुलीजवळचा" अशा नावांवर स्पीकर गडबडतो. "किचन", "हॉल", "आंगन" ही नावं तो चटकन पकडतो. दोन वस्तूंची नावं एकमेकांच्या जवळची नकोत. "हॉल लाईट" आणि "हॉल ट्यूबलाईट" ठेवलंत तर रोज भांडण.

अलेक्सात "रुटीन" (एका वाक्यावर किंवा ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं) करताना स्वतःचं वाक्य टाकता येतं. "निजायची वेळ" असं वाक्य टाकून सगळे दिवे बंद करणारं रुटीन काहींच्या घरी चालतं, काहींच्या घरी दहापैकी सहाच वेळा. उच्चारावर अवलंबून आहे, टाकून बघा. राहता राहिले आजोबा. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेली पिढी आपल्याकडे अजून कुठेकुठे आहे, आणि तिचं हिंदी स्पीकरला नातवंडांपेक्षा चांगलं कळतं.

३. एकदम सगळं घर करावं की थोडं थोडं?

थोडं. एक स्पीकर, दोन बल्ब, एक १६ अँपिअरचा प्लग. महिनाभर वापरा. घरातल्या बाईमाणसांनी आणि म्हाताऱ्यांनी तो स्वतःहून वापरला तरच पुढचे पैसे घाला. आमचा अनुभव असा की रंगीत बल्बची हौस आठवडाभरात फिटते. टायमर, अलार्म आणि गिझर मात्र टिकतात.

४. स्वयंपाकघरात खरंच उपयोग होतो का, की नुसती गाणी वाजवायची?

सगळ्यात जास्त उपयोग तिथेच होतो, आणि त्यासाठी स्पीकरशिवाय काही विकतही घ्यावं लागत नाही. भाकरी थापताना दोन्ही हात ज्वारीच्या पिठात असतात, तव्यावर एक भाकर, परातीत दुसरी. अशा वेळी फोनला हात लावणं म्हणजे पिठाचा लेप. "अलेक्सा, डाल का टाइमर दस मिनट" म्हटलं की काम झालं. एकाच वेळी दोन-तीन टायमर नावानिशी लावता येतात: एक डाळीचा, एक भाताचा, एक दुधाचा. "डालका टाइमर कितना बाकी है" विचारलं की सांगतो.

कुकरच्या शिट्ट्या तो मोजत नाही, हे विचारणारे बरेच असतात. शिट्ट्यांऐवजी मिनिटं धरायची सवय लावावी लागते. किराण्याची यादी मात्र छान होते. डब्यात हात घालताना तूरडाळ संपल्याचं लक्षात आलं की तिथूनच यादीत टाकायची, आणि दुकानात गेलेल्याच्या फोनमध्ये ती दिसते. त्यासाठी दोघांच्या फोनमध्ये एकाच खात्याचं अ‍ॅप हवं.

गॅसच्या शेगडीला आवाजावर चालणारं काहीही जोडू नका, कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी.

५. गावाकडे ब्रॉडबँड नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं का?

चालतं, पण हॉटस्पॉटचा फोन घरातच राहिला पाहिजे. तो खिशात घालून शेतात गेलात की घर मुकं. जुना फोन आणि वेगळं सिम घरी ठेवणं, किंवा सिमवर चालणारा छोटा राऊटर घेणं बरं पडतं. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवायला विसरू नका (प्रश्न १).

डेटाची काळजी हुकमांसाठी करायची गरज नाही, ते अगदी किरकोळ असतात. खातात ती गाणी आणि भजनं: तासाला साधारण ६० ते १२० एमबी. पहाटे पाचला लावलेले अभंग कुणी बंदच केले नाहीत तर दिवसाचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपतो. रुटीनमध्येच तासाभराने बंद होण्याची वेळ टाका.

६. लाईट गेली की काय होतं?

स्पीकरला बॅटरी नसेल तर तो बंद. राऊटर बंद. प्लग, बल्ब बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर वायरमनकडून राऊटर आणि स्पीकरचे पॉईंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. नसेल तर राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास काढतो. घेताना राऊटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून त्याप्रमाणेच घ्या.

राऊटर चालू असून नेट गेलं, तर आधी लावलेला अलार्म तरीही वाजतो. रिमाइंडरचा मात्र भरवसा नाही. म्हणून आजीच्या बीपीच्या गोळीसाठी रोजचा अलार्म लावा आणि रिमाइंडर वरून ठेवा. आणि स्पीकरचीच वीज गेली असेल तर अलार्मही नाही, हे ध्यानात ठेवून गोळ्यांसाठी फोनचा अलार्म असूच द्या.

लाईट आल्यावर राऊटरला उठून नेट पकडायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात "चालतच नाही" म्हणून प्लग रीसेट करू नका. रीसेट केला की जोडणी पहिल्यापासून.

७. मध्यरात्री लाईट आली की सगळे बल्ब आपोआप पेटतात. भूत आहे का?

सेटिंग आहे. बहुतेक स्मार्ट बल्ब वीज परत आली की पूर्ण उजेडाने पेटतात, कारण भिंतीवरच्या बटनाने लावणाऱ्याला तेच अपेक्षित असतं. बल्बच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये "वीज आल्यावरची स्थिती" अशा अर्थाचं सेटिंग असतं. त्यात तीन पर्याय दिसतात: चालू, बंद, किंवा आधी होती ती स्थिती. झोपायच्या खोलीतल्या बल्बला "आधीची स्थिती" ठेवा.

हेच सेटिंग प्लगलाही असतं, आणि तिथे ते गमतीचं नाही. गिझर, इस्त्री, मोटार, हीटर यांच्या प्लगला नेहमी "बंद". गिझर चालू असताना लाईट गेली, तुम्ही कुलूप लावून लग्नाला गेलात, आणि तीन तासांनी लाईट आली, तर "आधीची स्थिती" ठेवलेला प्लग रिकाम्या घरात गिझर चालू करतो. प्लग विकत घेण्याआधीच हे सेटिंग त्यात आहे का ते विचारा. नसेल तर तो प्लग टेबल-फॅनपुरता.

८. बोर्ड फोडावा लागतो का? पंख्याचा वेग कमी-जास्त होतो का?

फोडावा लागत नाही. मॉड्यूल बोर्डाच्या मागच्या डब्यात बसतं आणि भिंतीवरची बटनंही पूर्वीसारखीच चालतात. ही गोष्ट पाहुण्यांसाठी आणि घरातल्या ज्येष्ठांसाठी फार महत्त्वाची आहे. मॉड्यूलला न्यूट्रल लागतो. आपल्याकडे बोर्डावर सॉकेट असतंच, त्यामुळे न्यूट्रल सहसा मिळतो. जुन्या वाड्यातल्या लाकडी बोर्डांत आणि उथळ डब्यांत जागा मिळत नाही, तिथे बल्ब-प्लगवरच भागवा.

पंख्यासाठी पंख्याचंच मॉड्यूल घ्या. साध्या चालू-बंद मॉड्यूलवर वेग बदलत नाही, आणि दिव्याच्या डिमरवर पंखा लावला की तो घुमतो. मॉड्यूल वेग सांभाळणार असेल तर जुना रेग्युलेटर मधून काढावा लागतो. दोन्ही ठेवले तर पंखा धड कुणाचंच ऐकत नाही.

भाड्याच्या घरात असाल तर फक्त बल्ब आणि प्लग. जाताना पिशवीत घालून नेता येतात.

९. गिझर पहाटे आपोआप लागून बंद होईल असं करता येतं का?

येतं, आणि करावं. साधा साठवणीचा गिझर २,००० वॅटचा असतो, म्हणजे साधारण ९ अँपिअर. काही गिझर ३,००० वॅटचे, म्हणजे १३ अँपिअर. त्यामुळे प्लग १६ अँपिअरचाच लागतो. ६ किंवा १० अँपिअरच्या प्लगवर गिझर लावलेला दिसला तर तो काढून ठेवा, पिना तापून सॉकेट वितळतं.

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत न्यायला २,००० वॅटच्या गिझरला वीसेक मिनिटं लागतात. साडेपाचला चालू आणि सहाला बंद एवढं पुरतं. बंद होण्याची वेळ प्लगच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये लावा. बऱ्याच प्लगमध्ये ते वेळापत्रक प्लगमध्येच साठतं आणि नेट गेलं तरी पाळलं जातं. अलेक्साचं रुटीन नेटशिवाय चालत नाही. वीज आल्यावर गिझर आपोआप लागू नये म्हणून प्रश्न ७ पाहा.

गॅस गिझरला यातलं काहीही लावू नका. बंद न्हाणीघरात त्याचा धूर जीव घेतो, तिथे माणूस आणि उघडी खिडकी दोन्ही लागतात.

१०. कुलर आवाजावर चालू करायचा आहे. प्लग लावू का?

फिरवायच्या बटनाचा लोखंडी कुलर असेल तर प्लगवर छान चालतो. बटन चालूवर ठेवायचं आणि प्लगने चालू-बंद करायचं. टच किंवा रिमोटचा कुलर वीज आल्यावर स्वतः लागत नाही, त्याला प्लगचा उपयोग नाही. त्याला आणि एसीला रिमोटचे सिग्नल देणारा आयआर ब्लास्टर लागतो.

आता मुद्द्याचं. दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात. ओला लोखंडी पत्रा, ओली फरशी, अर्थिंग नाही. आवाजावर चालणारा कुलर त्यात एक नवा धोका आणतो: तुम्ही मागून पाईपने पाणी भरताय आणि आतल्या खोलीतून पोरगं म्हणतं "कूलर चालू". शिवाय अ‍ॅपमध्ये "बंद" दिसणारा प्लग एकच वायर तोडतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर प्लग बंद असूनही कुलरपर्यंत करंट येतो. पाणी भरताना, पॅड बदलताना, पुसताना पिन हाताने काढायची, रोज. आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, स्पीकर पुढच्या वर्षी घ्या. हे आम्ही गिऱ्हाईक गमावूनही सांगतो.

११. टाकीची मोटार "अलेक्सा, मोटर चालू" म्हणून चालवायची आहे. १६ अँपिअरचा प्लग पुरेल ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आकड्यांवर पाहिलं तर पुरायला हवा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, मोटार प्रत्यक्षात त्याहून जास्त ओढते, तरी चालताना करंट १० अँपिअरच्या आतच राहतो. पण मोटार सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट घेते. प्रत्येक वेळी प्लगच्या आतल्या छोट्या रिलेत (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये) ठिणगी पडते आणि एक दिवस तिचे पॉईंट चिकटतात. जालन्यातल्या एका घरी असा प्लग उघडून पाहिला: रिलेचं झाकण पिवळं पडलेलं, कडेला काळा डाग, आत दोन्ही पॉईंट एकजीव. अ‍ॅपमध्ये "बंद" दिसत होतं आणि मोटार चालूच होती. हौद रिकामा झाला, मोटार कोरडी फिरली, वाइंडिंग जळालं.

योग्य पद्धत अशी. मोटारीचा भार कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉईलला वीज मिळाली की जोडला जाणारा दणकट स्विच, उचलतो. स्मार्ट स्विच फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉईलला वीज देतो, तिला अगदी थोडा करंट लागतो. सोबत मोटारीच्या मापाचा एमसीबी आणि ओव्हरलोड रिले. कॉईलच्याच वायरीत वरच्या टाकीचा फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच) घ्या, म्हणजे टाकी भरली की अ‍ॅप काहीही म्हणो, मोटार थांबते. हौदातही दुसरा फ्लोट टाका, पाणी तळाला गेलं की तोही तोडतो. हे दोन फ्लोट नेट, सर्व्हर, वाय-फाय कशावरच अवलंबून नाहीत. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी फ्लोट, मग अलेक्सा. ज्यांना दोन्हींपैकी एकाचेच पैसे घालायचे आहेत त्यांना आम्ही फ्लोटच देतो.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. गच्चीवरची ओली वायर आणि २३० व्होल्ट आहेत ते.

१२. बोअरच्या मोटारीला हिरवं-लाल बटन असलेलं पॅनेल आहे. प्लग चालू केला तरी मोटार सुरू होत नाही.

होणारच नाही. त्या पॅनेलमध्ये हिरवं बटन दाबलं की आतलं यंत्र स्वतःला धरून ठेवतं आणि वीज गेली की सोडतं. नुसती वीज दिल्याने बटन दाबल्यासारखं होत नाही. हिरवं बटन काडी किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवायचा जुगाड कुणी सुचवेल, तो करू नका. सबमर्सिबलच्या काही पॅनेलमध्ये सुरू होण्याचा कपॅसिटर त्याच बटनावर असतो, तो जास्त वेळ जोडलेला राहिला तर फुटतो. पॅनेल बदलून घ्या किंवा वायरमनकडून प्रश्न ११ प्रमाणे कॉन्टॅक्टरची जोडणी करून घ्या.

१३. नळ कधी येईल याचा नेम नाही. आल्या आल्या स्पीकरने सांगितलं तर?

हा खरा आपल्या भागातला उपयोग. जायकवाडी उशाला असूनही छत्रपती संभाजीनगरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं. लातूरला तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाणी चुकलं की टँकर, म्हणून एक माणूस नळाकडे कान लावून बसलेला असतो.

नळाखाली बादली ठेवायची, तिच्या तळाशी पाणी ओळखणारा सेन्सर. दोन धातूच्या टोकांना पाणी लागलं की त्याच्या अ‍ॅपची सूचना फोनवर येते. नळ उघडाच ठेवावा लागतो. आधी हवा फुसफुसते, मग गढूळ धार येते, आणि सेन्सरला ओल पुरते. स्पीकरनेही ओरडून सांगावं असं वाटत असेल तर घेण्याआधी तो सेन्सर अलेक्साच्या रुटीनमध्ये दिसतो का ते विक्रेत्याकडून करून बघा. बऱ्याच स्वस्त सेन्सरचा निरोप फक्त त्यांच्याच अ‍ॅपमध्ये येतो. प्रत्येक वेळी बादली उपसून सेन्सर पुसून ठेवायचा, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प.

यापुढे जाऊन "नळ आला की मोटार आपोआप लागू दे" अशी मागणी येते. नळाच्या लाईनला थेट मोटार लावायला बंदी असते आणि पथक आलं की मोटार जप्त होते. शेजाऱ्याच्या नळाला फक्त हवा येते ती वेगळीच. हौदातून टाकीत चढवणारी मोटार आपोआप लावता येते, ती प्रश्न ११ च्या पद्धतीने.

१४. शेतातली थ्री-फेज मोटार घरून अलेक्साने चालेल का?

त्यासाठी अलेक्सा नको, सिमवर चालणारा मोबाईल स्टार्टर घ्या. विहिरीवर वाय-फाय नसतं, आणि मोबाईल स्टार्टर कॉलवर किंवा मेसेजवर चालतो. कृषी पंपांना वीज चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्री दोन वाजता बांधावरून बॅटरी घेऊन जायचं टळतं, साप-विंचवाची भीती टळते, हा फायदा फार मोठा आहे. स्टार्टर टूजी असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, जिओचं जाळं फोरजीपासून पुढचं आहे. ज्या कंपनीची रेंज विहिरीवर येते ते सिम आधी फोनमध्ये टाकून तपासा, मग स्टार्टर निवडा. फेज गेल्यावर मोटार तोडणारा आणि कोरडी चालू न देणारा घ्या.

ऑटो स्विचबद्दलही विचारतात. वीज आली की मोटार आपोआप लागते, बरं वाटतं. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि रोहित्र जळतं. महावितरण ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर लावा म्हणून सतत सांगते, त्याचं कारण हेच. मग आठ-पंधरा दिवस सगळ्या शिवाराचं पाणी बंद.

१५. या सगळ्याने वीजबिल वाढतं की कमी होतं?

स्पीकर नुसता बसून दोनेक वॅट खातो, म्हणजे महिन्याला दीड युनिट. प्लग त्याहून कमी. बचत होते ती गिझर वेळेत बंद झाल्याने आणि रिकाम्या खोलीतले पंखे बंद केल्याने. दिवे आवाजावर लावून बिल कमी होत नाही, एलईडी मुळातच कमी खातात.

एक फायदा नवीन आहे. महावितरणचं टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारं) मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते. वॉशिंग मशीन, टाकीची मोटार, इस्त्री ही कामं त्या वेळेत बसवा. आपलं मीटर टीओडी आहे का ते बिलावरून कळतं.

१६. आई-बाबा गावी, आम्ही पुण्यात. त्यांच्यासाठी काय लावावं?

एक स्पीकर, तो इन्व्हर्टरच्या पॉईंटवर (प्रश्न ६), आणि रात्री न्हाणीघराच्या वाटेवर एक दिवा. अंधारात बटन शोधताना पडणं हे म्हातारपणी फार महागात पडतं. अलेक्सात "ड्रॉप इन" ची परवानगी दिली की फोन न उचलताही तुम्ही पुण्यातून थेट त्यांच्याशी बोलू शकता. ही परवानगी त्यांना विचारून, समजावून द्या. अचानक भिंतीतून मुलाचा आवाज आल्यावर घाबरलेल्या आई आम्ही पाहिल्या आहेत.

स्पीकर आणीबाणीचा फोन नाही. ११२ किंवा १०८ ला फोन मोबाईलवरूनच लावायचा. मोठ्या बटनांचा साधा फोन त्यांच्या उशाशी असू द्या आणि शेजारच्या घरचा नंबर त्यात पहिल्या बटनावर ठेवा.

१७. तो दिवसभर आमचं बोलणं ऐकत असतो का?

हाक मारल्याशिवाय तो बोलणं सर्व्हरकडे पाठवत नाही, पण हाक ओळखण्यासाठी माईक चालू असतोच. चुकून जागाही होतो, विशेषतः टीव्हीच्या आवाजाने. अलेक्साच्या अ‍ॅपमध्ये आतापर्यंतचं रेकॉर्डिंग ऐकता येतं, पुसता येतं आणि ते साठवायचंच नाही असंही ठरवता येतं. माईक बंद करायचं बटन स्पीकरवर असतं. इकोवर, म्हणजे अलेक्साच्या स्पीकरवर, ते दाबलं की लाल दिवा लागतो. सोयरिकीची बोलणी किंवा जमिनीचा व्यवहार बैठकीत चालू असेल तर ते दाबा. झोपायच्या खोलीत कॅमेऱ्याचा स्पीकर ठेवू नका, त्याबद्दल आणखी काही समजावत बसायची गरज नसावी.

१८. खिडकीतून कुणी ओरडून दार उघडलं तर? आणि पोरांचं काय?

आवाजावर कुलूप उघडायला पिन नंबर लागतो आणि तो मोठ्याने म्हणावा लागतो. म्हणजे पाहुण्यांसमोर म्हणालात की गेला. आवाजावर कुलूप लावण्याची सोय ठेवा, उघडण्याची बंद ठेवा. खरेदीलाही पिन लावा किंवा आवाजावरची खरेदीच बंद करा. घरात लहान पोरं असतील तर एकच नियम: मोटार, गिझर, कुलर यांना स्पीकरच्या यादीतच घेऊ नका. ते अ‍ॅपवर ठेवा, घड्याळावर लावा. लाईट आणि पंख्यावर पोरांनी कितीही हौस भागवू द्या.

१९. कालपर्यंत चालत होतं, आज "डिव्हाइस रिस्पॉन्ड नहीं कर रहा" म्हणतो.

भिंतीवरचं बटन कुणी बंद केलं का ते आधी बघा. निम्म्या वेळा तेच असतं. मग वाय-फायचा पासवर्ड बदलला का, राऊटर नवीन आला का. नव्या राऊटरला जुन्याचंच नाव आणि तोच पासवर्ड दिलात तर सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात. त्यानंतर वस्तू तिच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून चालते का ते पाहा. तिथे चालत असेल तर अलेक्साशी खात्याची जोडणी तुटली आहे, ती पुन्हा करा. तिथेही चालत नसेल आणि गल्लीतल्या आणखी कुणाचा टीव्ही-फ्रिज त्याच दिवशी गेला असेल, तर न्यूट्रल तुटून जास्त व्होल्टेज आलं होतं असं समजा. तेव्हा २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि ही नाजूक उपकरणं पहिल्यांदा जातात. जास्त व्होल्टेज आलं की घर तोडणारं संरक्षक उपकरण मेन बोर्डात बसतं. खेड्यावर आणि नव्या वस्त्यांत ते लावाच.

२०. घर बदलतोय, प्लग-स्पीकर मेहुण्याला देतोय. काही करावं लागतं का?

स्पीकर अ‍ॅपमधून तुमच्या खात्यातून काढा आणि फॅक्टरी रीसेट करा. नाहीतर मेहुण्याच्या घरचे अलार्म तुमच्या फोनमध्ये दिसतील आणि तुमच्या खात्यावरून त्याची खरेदी होईल. प्लग आणि बल्बही त्यांच्या अ‍ॅपमधून काढून टाका. काही प्लग पहिल्या मालकाच्या खात्याला बांधलेले राहतात आणि त्याने काढल्याशिवाय दुसऱ्याच्या फोनला जोडले जात नाहीत. बोर्डामागची मॉड्यूल ठेवून जाणार असाल तर नव्या भाडेकरूला कोणतं बटन कुठल्या मॉड्यूलवर आहे ते कागदावर लिहून मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा.